सरळ रेषेचा मोह

गिटमध्ये कोडचा इतिहास चित्ररूपात बघता येतो. टर्मिनलवर ‘गिट लॉग’ला ‘ग्राफ’ची शेपटी जोडली की काळ्या पडद्यावर ठिपके आणि रंगीत रेघा उमटतात. एक ठिपका म्हणजे एक कमिट, कोणीतरी ‘इथवर काम झालं’ म्हणून केलेली नोंद. रेघ फुटते तिथे कोणीतरी वेगळी वाट धरली, म्हणजे ब्रांच केली. रेघा जुळतात तिथे ती वाट परत मुख्य रस्त्याला येऊन मिळाली, म्हणजे मर्ज झालं. कोड लिहिणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण हा लेख त्यांच्यापुरता नाही, म्हणून सांगितलं.

काही प्रोजेक्टांचं हे चित्र जुन्या वाड्यातल्या विजेच्या वायरिंगसारखं दिसतं. काहींचं वहीच्या समासासारखं, वरून खाली एकच रेघ. नवख्याला वाटतं, पहिल्या टीमचं काम गोंधळाचं आणि दुसरीचं शिस्तीचं. प्रत्यक्षात दोन्ही टीमनी तेच काम तितक्याच धडपडीने केलेलं असू शकतं. दुसरीने नंतर इतिहास पुन्हा लिहून काढला, एवढाच फरक. यात लपूनछपून काही नाही. गिटमध्ये त्यासाठी रीतसर आज्ञा आहे, तिला रिबेस म्हणतात, आणि कित्येक ऑफिसांमध्ये ती न वापरणाऱ्याला ‘हिस्टरी घाण करू नकोस’ असं ऐकून घ्यावं लागतं.

‘घाण’ हा शब्द मला नेहमी खटकत आला आहे. घडलेली गोष्ट घडली तशी ठेवली तर ती घाण, आणि नीटनेटकी करून सांगितली तर स्वच्छ? मग नीटनेटकं करून सांगणं हे खोटं बोलणं आहे का? आणि असेल, तर ते कोणाशी?

उत्तराकडे जाण्याआधी मर्ज आणि रिबेस यांत काय होतं ते कॉम्प्युटर बाजूला ठेवून बघू. लग्नाच्या आमंत्रणांची यादी घ्या. मूळ यादी आजीने केली. तिची एक प्रत काकांनी नेली, एक आत्याने. दोघांनी आठवडाभर आपापल्या प्रतीत नावं घातली, खोडली. आता एकच यादी हवी. पहिला मार्ग असा, की दोन्ही प्रती समोर ठेवायच्या, जिथे एकमत नाही तिथे बसून ठरवायचं, आणि तिसरा कागद करून त्याच्यामागे दोन्ही प्रती टाचून ठेवायच्या. हा मर्ज. दुसरा मार्ग म्हणजे काकांची यादी पक्की धरायची आणि आत्याने आपला एकेक बदल तिच्याखाली पुन्हा उतरवून काढायचा, जणू काकांचं काम संपल्यावरच ती लिहायला बसली. हा रिबेस. तिसऱ्यात आत्याच्या आठवडाभराच्या खाडाखोडीतून शेवटी जे उरलं तेवढंच एका नोंदीत चढवायचं. हा स्क्वॉश.

हॉलवर पाहुणे तिन्ही वेळा तेच येतात. पण दोघं एकाच वेळी, एकमेकांना न विचारता लिहीत होते, हे फक्त पहिल्यात दिसतं. आणि नाशिकच्या मावसभावाचं नाव आधी घातलं होतं आणि मग खोडलं, हे तिसऱ्यात कोणाला कधीच कळत नाही. आता हे कळायला हवं का? लग्नाच्या बाबतीत बहुधा नकोच.

या चित्राबद्दल एक गोष्ट क्वचितच कोणी सांगतं. त्यातले बाण मागे जातात. आपण वाचताना जुन्याकडून नव्याकडे जातो, पण गिटच्या पोटात प्रत्येक कमिट फक्त आपल्या पालकाची ओळख बाळगून असतो. पहिल्या कमिटला पालक नसतो, साध्याला एक असतो, मर्जला दोन किंवा जास्त. (लिनक्सच्या इतिहासात ६६ पालक असलेला एक मर्ज आहे. त्याचं चित्र काढायला बसलात तर पडद्याची रुंदी संपते.) पालकाला मात्र आपली मुलं किती, कोण, कुठे, याचा पत्ता नसतो. आणि कमिटची ओळख त्यातला मजकूर, लिहिणाऱ्याचं नाव, तारखा, संदेश आणि पालकाची ओळख या सगळ्यांतून गणित करून काढलेली असते. यातलं काहीही बदललं की तो कमिट वेगळा होतो, आणि त्याच्यानंतरचे सगळे वेगळे होतात. म्हणून रिबेस जुन्या कमिटला हात लावतच नाही. तो जुन्यासारखी दिसणारी नवी प्रत करतो आणि जुन्याला वाऱ्यावर सोडतो. जुना कमिट काही दिवस तुमच्या मशीनवर पडून राहतो, कोणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही, आणि एक दिवस गिटची सफाई त्याला घेऊन जाते.

ब्रांचचं तर त्याहून नवल. आपल्या डोक्यात ब्रांच म्हणजे झाडाची फांदी असते, लांब, पानाफुलांची. गिटमध्ये ती साधारणपणे ४१ बाइटची फाइल आहे. कमिटच्या ओळखीची ४० अक्षरं आणि ओळ संपल्याची एक खूण. ती फाइल म्हणजे फक्त ‘मी आत्ता इथे आहे’ असं लिहिलेली चिठ्ठी. एखादा कमिट कुठल्या ब्रांचवर असताना केला, हे गिट त्या कमिटमध्ये लिहून ठेवत नाही. मर्क्युरिअल नावाची दुसरी प्रणाली, जी गिटच्याच महिन्यात जन्मली, तिच्यात ब्रांचचं नाव कमिटमध्येच कोरता येतं. गिटने ते नको म्हटलं. म्हणजे पडद्यावर निळी रेघ कुठली आणि लाल कुठली, हे चित्र काढणारं टूल अंदाजाने ठरवतं. जे साठवलेलंच नाही, ते रंगवून दाखवतं.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं चित्र व्हिन्सेंट ड्रीसेन या डच प्रोग्रामरने जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. वरून खाली वाहणारा काळ, शेजारी शेजारी उभे पट्टे, एक ‘मास्टर’चा, एक ‘डेव्हलप’चा, मध्ये रिलीज आणि तातडीच्या दुरुस्त्यांचे, कडेला फीचर ब्रांचेस. पुढे याला ‘गिटफ्लो’ म्हणू लागले. मी पाहिलेल्या एका ऑफिसात त्याची प्रिंट भिंतीवर होती, गणपतीच्या फोटोच्या शेजारीच. चित्र सुंदर होतं, आणि अडचण तिथेच झाली. काम कसं चालतं ते दाखवायला काढलेलं चित्र, काम कसं चालायला हवं याचा हुकूम होऊन बसलं. दिवसातून दहादा वेबसाइट अपडेट करणाऱ्या चार जणांच्या टीमसुद्धा पाच प्रकारच्या ब्रांचेस सांभाळू लागल्या. मार्च २०२० मध्ये ड्रीसेननेच त्या लेखावर टीप जोडली, की सतत अपडेट होणाऱ्या वेब सॉफ्टवेअरसाठी याहून साधी पद्धत बघा, आणि कशालाच रामबाण समजू नका. मूळ लेख त्याने जसाच्या तसा ठेवला आणि वर टीप लावली. मला हे त्या चित्रापेक्षा जास्त आवडलं. लेख गुपचूप दुरुस्त करता आला असता.

आता इतिहासाकडे. खुद्द लिनक्सचं उदाहरण घ्या, कारण गिट जन्मलं त्याच्यासाठीच. लिनक्सचा गाभा १९९१ पासून लिहिला जातोय. २००२ पासून त्याचं काम बिटकीपर नावाच्या खासगी मालकीच्या प्रणालीवर चालायचं, आणि २००५ मध्ये तिचा फुकट परवाना काढून घेतला गेला. लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःचं साधन लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलपासून गिटचा कोड गिटमध्येच राहू लागला. १६ एप्रिलला लिनक्सचा गाभा त्यात आला. पण जुना इतिहास त्याने आत घेतला नाही. आकार फार मोठा होता, ३ जीबीच्या वर, आणि नव्या साधनावर एवढं ओझं पहिल्याच दिवशी नको होतं. पहिल्या कमिटच्या संदेशात त्याने हे मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

परिणाम असा, की त्या भांडारात एखाद्या जुन्या ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवलं, म्हणजे ‘ही ओळ कोणाची’ असं विचारलं, की उत्तर येतं लिनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५. ती ओळ ब्राझीलमधल्या कोणी किंवा जर्मनीतल्या कोणी १९९७ साली रात्र जागून लिहिलेली असेल. ग्राफ बघा, तळाशी एकच ठिपका, एकच नाव. हे खोटं आहे का? टोरवाल्ड्स खोटं बोलला नाही, त्याने कारणासकट सांगितलं. फाइलींच्या माथ्यावर मूळ लेखकांची नावं अजून आहेत. पण चित्र मात्र तसंच बोलतं, आणि संदेश वाचणारे थोडे, चित्र बघणारे फार.

रिबेसबद्दल त्याचं मत मात्र स्पष्ट आहे. आपलं खासगी काम जगापुढे ठेवण्याआधी हवं तसं आवरा, पण दुसऱ्याच्या कामाचा इतिहास पुन्हा लिहायचा नाही, आणि एकदा जाहीर केलेला स्वतःचाही नाही. याच्या उलट टोकाला रिचर्ड हिप आहे, आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असलेल्या एसक्यूलाइटचा कर्ता. त्याने फॉसिल नावाची स्वतःची प्रणाली लिहिली आणि तिच्यात रिबेस जाणूनबुजून ठेवलाच नाही. जे घडलं ते घडलं.

दोन्ही बाजू मला एका मर्यादेपर्यंत पटतात. ती मर्यादा कुठे आहे, हे एका प्रसंगातून सांगतो.

मी ज्या कंपनीत होतो तिथे कर्जाचे हप्ते वसूल करणारी प्रणाली होती. कधी कधी एकाच ग्राहकाच्या खात्यातून हप्ता दोनदा जायचा. हे शोधायचं काम शेजारच्या टीममधल्या एका मुलीकडे आलं. पहिलीच नोकरी. तिने तीन आठवड्यांत तीन वाटा चोखाळल्या. पहिली वाट दिसायला सोपी होती आणि टेस्टमध्ये चालायचीही, पण बँकेकडून उत्तर उशिरा आलं की फसायची. हे तिला पाचव्या दिवशी कळलं. दुसरी वाट फार सावकाश चालायची. तिसरी जमली. शेवटचा बदल चौदा ओळींचा होता. तिच्या ब्रांचवर तीसेक कमिट होते, आणि पहिली वाट का सोडली हे त्यातल्या एका संदेशात चार ओळींत नीट लिहिलेलं होतं.

टीमचा नियम होता, मुख्य ब्रांच सरळ रेषेत राहिली पाहिजे. तिच्या सिनियरने आपल्या मशीनवर तिची ब्रांच स्क्वॉश केली, एका ओळीचा संदेश लिहिला आणि कमिट केलं. असं केलं की गिट लेखक म्हणून कमिट करणाऱ्याचं नाव घालतं. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं, मला खात्री आहे. ब्रांच सर्व्हरवरून काढून टाकली, तोही नियमच. ग्राफवर एक देखणा ठिपका उमटला.

काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. तिचा लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला. त्यानंतर कोणीतरी तोच कोड ‘सोपा’ करायला घेतला आणि नेमकी तिची पहिली वाट धरली. टेस्ट पास झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी बँकेची उत्तरं उशिरा आली आणि लोकांचे हप्ते पुन्हा दोनदा कापले गेले. महिनाअखेरीला खात्यात मोजके पैसे असणाऱ्या माणसासाठी ही गैरसोय नसते. कुणाचा भाड्याचा चेक परत जातो, कुणाची शाळेची फी राहते.

कारण शोधायला आम्ही चौघं बसलो. ब्लेमने सिनियरचं नाव दाखवलं. त्याला ते चौदा ओळींचं कोड तसं का आहे, हे सांगता येईना. त्याने ते लिहिलंच नव्हतं. गिट आपल्या प्रत्येक हालचालीची एक खासगी रोजनिशी ठेवतं, रिफ्लॉग नावाची, पण ती फक्त त्या त्या मशीनवर असते आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये ९० दिवसांनी, अनाथ नोंदींच्या बाबतीत ३० दिवसांनीच पुसली जाते. तिच्या मशीनवर ते तीसही कमिट एकेकाळी होते.

यात खोटं कोण बोललं? मला एकही माणूस सापडत नाही. नियम करणाऱ्याला वाचायला सोपा इतिहास हवा होता, सिनियरने नियम पाळला, नंतरच्याने जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. म्हणून ‘हे खोटं आहे का’ हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. पुढच्याला ज्याची गरज पडणार आहे, ते आपण आवरताना फेकलं का, असं विचारायला हवं.

याचा अर्थ सगळंच ठेवावं, असाही नाही. सगळं ठेवणारी भांडारंही मी पाहिली आहेत. ‘फिक्स’, ‘फिक्स २’, ‘आता तरी चाल बाबा’ अशा संदेशांचे शेकडो ठिपके. तिथे खरा इतिहास आहे आणि तो कोणीही वाचत नाही. दोष नेमका कुठल्या कमिटने आला हे गिट अर्ध्या-अर्ध्याने तपासत शोधून देऊ शकतं, पण मधले निम्मे कमिट चालतच नसतील तर ते तरी काय करणार. शिवाय माणसाची एक बाजू आहे. कमिटवर वेळ असते. रात्री दोनला केलेली धडपड, तीच चूक तीनदा, हे सगळं मॅनेजरला दिसणार असेल तर नवा माणूस कमिट करायलाच घाबरतो. मसुदा फाडण्याचा हक्क प्रत्येकाला असावा. चुकून कोडमध्ये गेलेला पासवर्ड तर पुसायलाच हवा, आणि बदलायलाही.

मसुदा आणि दप्तर यांत फरक आहे, आणि तो आपल्याकडे गावोगावच्या तलाठ्याला माहीत असतो. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाची ते दिसतं. पण तो तसा का झाला, हे गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत असतं. वारस लागला, वाटणी झाली, खरेदी झाली, प्रत्येकाला क्रमांक आणि त्या क्रमांकाचा उल्लेख सातबाऱ्यावर. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला पूर्वी कंस व्हायचा. नाव पुसलं जायचं नाही, कंसात जायचं. कोर्टात तीस वर्षांनी भांडण उभं राहतं तेव्हा वकील सातबारा बाजूला ठेवून आधी जुने फेरफार मागवतो. बहिणीचं नाव कुठल्या फेरफाराने कमी झालं आणि तिची सही त्यावर आहे का, हे तिथेच कळतं. गिटमध्ये याला सगळ्यात जवळची आज्ञा रिव्हर्ट आहे. ती चुकलेला कमिट काढत नाही, त्याच्या उलट नोंद पुढे घालते, जसा जमाखर्च लिहिणारा खाडाखोड न करता उलट नोंद टाकतो.

आणखी एक उदाहरण पुण्यातलंच. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिचं काम १९१९ ला सुरू होऊन १९६६ ला मूळ पर्वांचं संपादन पूर्ण झालं. हस्तलिखितं शतकानुशतकं फुटत गेलेली, आणि एका शाखेतला पाठ दुसरीत मिसळलेला, म्हणजे ब्रांचिंग आणि मर्जिंगच. वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत या शाखांचा वंशवृक्षही दिला आहे. त्यांनी वर एकच स्वच्छ, सलग संहिता छापली. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य ब्रांच सरळ ठेवली. पण बाजूला काढलेले श्लोक फेकले नाहीत. ते तळटीपांत, तारांकित करून, किंवा परिशिष्टात दिले, आणि कोणता पाठ कुठल्या हस्तलिखितात आहे ते प्रत्येक ठिकाणी सांगितलं. गोष्ट वाचणाऱ्याने वरचा भाग वाचावा. ज्याला शंका आहे त्याने खाली उतरावं. त्या पानांचा खालचा भाग कित्येकदा वरच्यापेक्षा मोठा असतो.

तेव्हा माझं मत असं झालं आहे. रेघ सरळ असो की गुंतलेली, त्याने फारसं बिघडत नाही, आणि त्यावरून ऑफिसांत होणारी भांडणं बरीचशी सौंदर्यदृष्टीची आहेत. पण दोन गोष्टी आवरताना हरवू नयेत. सोडलेल्या वाटेचं कारण, आणि चाललेल्या माणसाचं नाव. कारण कमिटच्या संदेशात मावतं, चार ओळी पुरतात. नाव लावायलाही सोय आहे. स्क्वॉश करताना मूळ लेखकाचं नाव देता येतं, संदेशाच्या शेवटी सहलेखकांची ओळ जोडता येते. गिटने लेखक आणि कमिट करणारा असे दोन वेगळे रकाने पहिल्यापासून ठेवले आहेत, तारखाही दोन. रिबेसनंतरही लेखकाची मूळ तारीख टिकते. म्हणूनच सरळ दिसणाऱ्या ग्राफवर कधी कधी मंगळवारचा कमिट गुरुवारच्या वर बसलेला दिसतो. मी असं दिसलं की थांबून बघतो.

मात्र ते रकाने भरताना ‘का’ हा प्रश्न गिट कोणाला विचारत नाही. तो टीमने विचारायचा असतो, आणि बाण मागे जात असल्यामुळे ज्याला उत्तर लागणार आहे तो तेव्हा खोलीत नसतो. बहुतेकदा तो नोकरीवरसुद्धा लागलेला नसतो.

लिनक्सच्या त्या हरवलेल्या इतिहासाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. बिटकीपरच्या काळातल्या नोंदी लोकांनी नंतर गिटच्या रूपात आणल्या आणि वेगळ्या भांडारात ठेवल्या. १६ एप्रिल २००५ च्या कमिटला हात लावला नाही. लावला असता तर त्यानंतरच्या प्रत्येक कमिटची ओळख बदलली असती. त्याऐवजी गिटमध्ये ‘रिप्लेस’ची सोय आहे. ज्याला हवं त्याने ते जुनं भांडार उतरवून घ्यायचं आणि एका आज्ञेने आपल्या मशीनपुरतं कलम करायचं, की या पहिल्या कमिटला पालक नाही असं वाटत होतं, पण आहे. मग ग्राफचा तळ आणखी खाली सरकतो, आणि जुन्या ओळींवर ब्लेम विचारलं की टोरवाल्ड्सच्या जागी दुसरीच नावं येऊ लागतात.